बाग, टेकडी की शेत: पुण्यात मुलांना वर्षभर मातीत खेळवायचं तर कुठे?

पुण्यात ४ ते १० वर्षांच्या मुलांसाठी मोकळ्यावरच्या खेळाची सत्रं सुरू करायची म्हटलं, की जागेचे तीन पर्याय समोर येतात: सोसायटीची किंवा महापालिकेची बाग, वेताळ टेकडी-तळजाईसारखी टेकडी, आणि मुळशी, मावळ किंवा सासवडकडचं एखाद्या ओळखीच्याचं शेत. नव्याने सुरू करणारे बहुतेक जण शेताकडे ओढले जातात, कारण चिखलात माखलेल्या मुलांचे फोटो छान येतात आणि पालक पैसेही चटकन भरतात. पण मुलं मातीत खऱ्या अर्थाने रमतात ती तीच जागा पुन्हापुन्हा मिळाली की. मागच्या आठवड्यात दगडाखाली ठेवलेली करवंटी अजून आहे का, हे बघायला धावणारं मूल आणि वर्षातून एकदा सहलीला आलेलं मूल, दोघांचा खेळ वेगळा असतो. म्हणून आमचं मत आधीच सांगून टाकतो: दर आठवड्याची जागा घराजवळची बागच असावी, टेकडी मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शेत वर्षातून दोन-तीनदा. कारणं पुढे.

बाग: खणायला मिळतं का, हा पहिला प्रश्न

महापालिकेच्या बागेत सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि रखवालदार हे सगळं असतं, पण खणता येत नाही, फांदी उचलून नेता येत नाही आणि हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी वाजते. शिवाय बहुतेक बागा दुपारी बंद असतात. गटाने नियमित यायचं असेल तर उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करा. तोंडी परवानगी रखवालदार बदलेपर्यंतच टिकते.

सोसायटीत हे सोपं, पण तिथे एक छुपी अडचण आहे. नव्या संकुलांतली बाग बऱ्याचदा पार्किंगच्या छतावर असते आणि मातीचा थर जेमतेम दीड-दोन फूट. मुलांच्या हातात खुरपं दिलं तर चालतं; कुदळ किंवा पहार दिली आणि खालच्या वॉटरप्रूफिंगला लागली, तर पावसाळ्यात पार्किंगमध्ये गळती आणि उपक्रम कायमचा बंद. मातीचा खड्डा नव्याने बांधायचा तर वजनाचाही हिशोब करा. ८ फूट बाय ५ फूट वाफा, नऊ इंच माती म्हणजे ३० घनफूट, एका ब्रासच्या (१०० घनफूट) तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी. पण भिजल्यावर तिचं वजन दीड टनाच्या आसपास जातं. त्यामुळे छतावर नवी भर टाकू नका; असलेल्या वाफ्यातली वरची माती काढून तिथेच खेळायची माती भरा.

माती कोणती, याला महत्त्व आहे. काळी माती पावसात चपलांना पायाएवढे लपके लावते आणि वाळली की दगड होते. नर्सरीत मिळणारी लाल माती तीन घमेली आणि चाळलेली वाळू एक घमेलं हे प्रमाण बरं पडतं: ओली असताना आकार धरते, वाळल्यावर फुटते. रात्री ताडपत्री घाला, नाहीतर सोसायटीतल्या मांजरांना आयतं शौचालय मिळतं. ‘इथे घाण असते’ ही पालकांची पहिली तक्रार नेमकी यावरूनच येते.

पहिल्या सत्राआधी बागेला एक फेरी मारून झाडं ओळखा. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आणि लाल-गुलाबी कण्हेर ही बागवाल्यांची लाडकी झाडं, पाणी कमी लागतं म्हणून; पण ती सगळ्या अंगाने विषारी आहेत आणि बिट्टीची बी मुलांना खेळायला हमखास आवडते. कोपऱ्यात उगवलेला एरंड, धोतरा आणि डोळ्यात चीक गेला तर त्रास देणारी रुई, हीसुद्धा दाखवून ठेवा. धुराची फवारणी कोणत्या दिवशी होते ते व्यवस्थापकाला विचारा आणि सत्र त्याच्या आदल्या दिवशी घ्या.

टेकडी: चढ आणि दगड, पण सावली नाही

बाग जे देऊ शकत नाही ते टेकडी देते: उतार, उचलता येतील असे दगड, वाळक्या फांद्या, घसरण्याजोगी मुरमाड वाट. सहा वर्षांवरच्या मुलांना याची फार गरज असते. प्रश्न ऋतूंचा आहे.

जूनचे पहिले पंधरा-वीस दिवस टेकडी उत्तम. पहिल्या सरींनंतर लाल मखमली मृगाचे किडे बाहेर येतात, गवत अजून बोटभर असतं आणि मुरूम पाणी धरत नाही. जुलैत उघड्या कातळावर शेवाळाचा पातळ थर चढतो. चिखलापेक्षा त्यावरूनच जास्त घसरतात. ऑगस्ट-सप्टेंबरला गवत मुलांच्या कमरेपर्यंत येतं. तेव्हा मळलेली वाट सोडायची नाही, कारण गवतात पाय कुठे पडतोय हे दिसत नाही आणि घोणस, नाग, मण्यार, फुरसं या चारही विषारी जाती महाराष्ट्रात आहेत. वाट सोडायची नसेल तर मग मोकळा खेळ उरतोच किती? म्हणून हे दोन महिने टेकडी टाळा. ऑक्टोबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. आखूड मोज्यांपेक्षा पँट मोज्यांत खोचणं बरं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा टेकडीचा खरा काळ. सकाळी साडेआठला सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत त्याआधी थंडी असते आणि मुलं हात खिशातून काढत नाहीत. फेब्रुवारीत पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पण याच सुमारास, पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेलं गिरिपुष्प पानं गाळून गुलाबी फुलांनी भरतं. दिसायला सुंदर, पण नेमक्या उन्हाच्या दिवसांत डोक्यावर सावली राहत नाही. त्यात वाळल्या गवताला वणवे लागतात. मार्च ते मे टेकडीचा विचार सोडा.

शी-शूची सोय वर नसते, आणि पाच वर्षांखालच्या मुलांबाबत निर्णय बऱ्याचदा एवढ्यावरच होतो. खाऊ पिशवीत बंद ठेवा, नाहीतर भटकी कुत्री मागे लागतात. आग्या मोहोळ कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून या. त्या बाजूला दगड, धूर आणि अत्तर तिन्ही नको. पंधरा मुलांमागे तीन मोठी माणसं हवीत: एक पुढे, एक सगळ्यांत मागे, एक मोकळं. बागेत त्याच पंधरांना दोन पुरतात. टेकड्यांचा बराच भाग वन विभागाकडे आहे, त्यामुळे फी घेऊन गट नेणार असाल तर लेखी परवानगी काढा.

शेत: आधी पाणी बघा

शेत ठरवायला जाल तेव्हा गोठा, झाडं, जेवणाची सोय नंतर. आधी विहीर आणि शेततळं. बिनकठड्याची विहीर दिसते तरी; शेततळं जास्त फसवं. त्याच्या उतारावरचा प्लास्टिकचा कागद ओला झाला, की त्यावर पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. पूर्ण कुंपण आणि कुलूप लावता येणारं फाटक असेल तरच त्या शेताचा विचार करा. गाठी मारलेला दोर काठाच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला आणि शेजारी हवा भरलेली ट्यूब, हे कुंपण असतानाही हवं. ‘आम्ही लक्ष ठेवू’ हे उत्तर चालणार नाही.

मग मोटारीचा स्टार्टर आणि जमिनीवरून गेलेली केबल. मग औषधांच्या बाटल्या कुठे ठेवतात ते. गेल्या आठ-दहा दिवसांत कशावर फवारणी झाली हे शेतकऱ्याला थेट विचारा. त्या तुकड्यात मुलं न्यायची नाहीत. हिवाळ्यात बांधावरच्या खाजकुइलीच्या तपकिरी शेंगांपासून लांब ठेवा. तिची कुसं अंगाला लागली तर चोळू न देता चिकटपट्टीने उचलून घ्यायची, मग धुवायचं.

शेतावर जायचं तर काम असेल तेव्हा जा. मुळशी-मावळात जुलैत भातलावणी, सासवडकडे डिसेंबर-जानेवारीत हुरडा. लावणीला मुलांसाठी एक वाफा वेगळा मागून घ्या आणि त्याचे पैसे द्या. खऱ्या लावणीत पंधरा मुलं उतरली तर रोपं तुडवली जातात आणि पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. ज्याच्या पायाला जखम आहे त्याला चिखलात उतरवू नका. पावसाळ्यातल्या साचपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि जखम ही त्याची मुख्य वाट. येण्याजाण्यात तीन तास आणि गाडीभाडं, म्हणून हे आठवड्याचं काम नव्हेच.

पाऊस कधी चालेल, कधी नाही

जुलै-ऑगस्टची पुण्यातली रिपरिप हे सत्र रद्द करायचं कारण नाही. मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट घेऊन येणारा पाऊस मात्र आहे, म्हणून त्या दोन महिन्यांत संध्याकाळची वेळ ठेवूच नका. पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्या. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी गेले तर पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. बागेत हे दोन मिनिटांत जमतं, शेतावर घर जवळ असेल तर जमतं, टेकडीवर नाही. जोराच्या वाऱ्यात गुलमोहराखाली थांबू नका; त्याच्या फांद्या ठिसूळ असतात.

कपड्यांत जीन्स सगळ्यांत वाईट: भिजली की जड होते आणि वाळत नाही. शर्ट-पँटचा दोन तुकड्यांचा रेनकोट बरा, लांब घोळदार नको. छत्रीने एक हात अडकतो. खेळासाठी केलेलं डबकं सत्रानंतर उपसून टाका, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि सोसायटीच्या समितीला उपक्रम बंद करायला निमित्तच मिळतं.

साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो भाग न हलवता १०८ ला फोन. शेताजवळ प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात आहे, हे जायच्या आधी माहीत हवं.

सुरुवात जूनमध्ये करण्याचा मोह टाळा. पावसाची धास्ती आणि नवी जागा एकदम आली की निम्मे पालक तिसऱ्या आठवड्यात गळतात. नोव्हेंबरात बागेत दहा-बारा मुलांनी सुरू केलं, तर जूनपर्यंत मुलांना जागा आणि पालकांना तुम्ही ओळखीचे झालेले असता. मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते, तेव्हा दर आठवड्याऐवजी सलग पाच सकाळी, ७ ते साडेआठ, वडा-जांभळाच्या सावलीत घ्या. आणि नोव्हेंबर गाठायचा असेल तर समितीकडे अर्ज गणपती उठल्याबरोबर द्या. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत बैठक लागत नाही.