८०० वॅटच्या खोक्यात शंभर वॅट

मी गेली बावीस वर्षे ऑर्केस्ट्रात आणि लग्नसमारंभांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, चार मुलांना शिकवतो, आणि कोणता ॲम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारे यंत्र) घ्यावा हे विचारायला ओळखीतले वादक माझ्याकडे येतात. म्हणूनच पुढचे लिहिताना मान खाली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये एका वापरलेल्या बेस ॲम्पसाठी मी ७४,५०० रुपये मोजले आणि सात हजारांतही महाग ठरावा असा माल स्वतःच्या हाताने उचलून घरी आणला. मला मूर्ख म्हणायचे असेल त्यांनी जरूर म्हणावे, पण माझ्या जागी असता तर तुम्ही नेमके कुठे थांबला असता, तेही वाचताना ठरवावे.

माझा जुना कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, १५ इंची स्पीकरचा, १०० वॅटचा आणि ३१ किलो वजनाचा आहे. मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. लोकलच्या मालडब्यातून हे धूड नेता नेता कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी वजन उचलण्यास साफ मनाई केली. शिवाय ऑक्टोपॅड, ढोलकी आणि ड्रमसेट एकदम सुरू झाले की मैदानावरच्या मंचावर १०० वॅट पुरत नाहीत. वॅट दुप्पट केले तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दहापट शक्ती लागते, हे मला ठाऊक होते. चार तारांच्या बेसवरचा सर्वांत खालचा ई ४१ हर्ट्झचा, तर पाच तारांवरचा खालचा बी ३१ हर्ट्झच्या आसपास असतो. एवढे खालचे सूर स्वच्छ ऐकू येण्यासाठी ॲम्पमध्ये शक्ती शिल्लक असावी लागते आणि कॅबिनेटही, म्हणजे स्पीकरचे खोके, चांगले लागते. म्हणून ४ ओहमला (ओहम हे स्पीकरच्या विद्युतरोधाचे माप) ८०० वॅट देणारे क्लास डी या हलक्या प्रकारचे हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, आणि निओडिमियम या हलक्या चुंबकाचे दहा इंची दोन स्पीकर असलेले कॅबिनेट घ्यायचे, असे मी वर्षभर मनाशी ठरवत होतो. असे हेड तीन किलोंच्या आत बसते आणि असे कॅबिनेट चौदा-पंधरा किलोंचे असते. दुकानात नव्या संचाचा भाव विचारला तेव्हा मी मुकाट्याने बाहेर पडलो.

वापरलेल्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली, तिच्यात मला हवे ते सगळे होते. हेड आणि कॅबिनेट एकाच परदेशी कंपनीचे, वापर 'फक्त घरगुती', वजन हेड २.७ किलो आणि कॅबिनेट १४ किलो, मागणी ८२,००० रुपये, विकण्याचे कारण मालक परदेशी नोकरीला चालला आहे. परदेशी जाणारा मालक, सैन्यातला जवान, पैसे 'स्वीकारण्यासाठी' पाठवलेला क्यूआर कोड, हे सगळे आपण इतक्यांदा ऐकले आहे की मी सावधच होतो. माल न बघता पैसे देणार नाही, असे मी पहिल्याच फोनवर सांगितले आणि तो लगेच 'दादा, या ना घरी, वाजवून बघा' म्हणाला. तिथेच माझा संशय निम्मा झाला. ज्याला लुबाडायचे आहे तो घरी बोलावत नाही, असे मी धरून चाललो. विसार म्हणून ५,००० रुपये यूपीआयने पाठवले.

मी अगदीच डोळे झाकून गेलो नाही, हे कृपया लक्षात घ्या. हेडच्या मागच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र मी आधीच मागवले आणि आयातदाराकडे चौकशी केली. क्रमांक खरा होता. आमचा ड्रमर सोबत येणार होता, पण त्याच्या घरी साखरपुडा निघाला आणि रविवारी, १० ऑगस्टला, मी एकटाच गेलो. फ्लॅट नंतर भाड्याचा निघाला, पण त्या दिवशी तो नीटनेटका होता, भिंतीवर दोन गिटार टांगलेल्या होत्या आणि चहासुद्धा मिळाला.

दहा बाय दहाच्या खोलीत, दोन भिंतींच्या कोपऱ्यात कॅबिनेट ठेवलेले होते. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचे खालचे सूर भिंतींमुळे फुगतात आणि एवढ्याशा खोलीत तीस वॅटदेखील छाती दणाणून सोडतात, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. मी माझा बेस नेला नव्हता, कारण पावसाची रिपरिप चालू होती. त्याने स्वतःचा ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या, जोरकस) पिकअपचा पाच तारांचा बेस पुढे केला आणि मधे आवाजाचे चढउतार सपाट करणारा एक कंप्रेसर पेडल जोडलेला होता, तो मी काढायला सांगितला नाही. व्हॉल्यूमची कळ मी घड्याळात नऊ असतात त्या जागेच्या पुढे नेऊ लागलो तेव्हा तो हात जोडून म्हणाला, 'दादा, शेजारच्या आजी आजारी आहेत, एवढाच ठेवा.' कोणाच्या आजारी आजीच्या आड मी कसा येणार? मी हॉर्नची, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरची, कळ शून्यावर नेली, पूर्ण फिरवली, आवाजात फरक पडला नाही, आणि आवाजच कमी आहे म्हणून कळत नसेल अशी समजूत मीच करून घेतली. एका कळीला आवाज दाद देत नाही हे दिसत असताना ज्याला प्रश्न विचारावासा वाटत नाही, त्याने बावीस वर्षे काय ऐकले?

पण खरा क्षण तो नव्हता. व्यवहार ७४,५०० वर ठरल्यावर मी कॅबिनेट उचलायला वाकलो, तोच तो धावत आला आणि दुसऱ्या बाजूचा दांडा त्याने पकडला. 'दादा, कमरेची काळजी घ्या,' म्हणाला, कारण माझ्या दुखण्याची सगळी कथा मीच त्याला फोनवर ऐकवली होती. आम्ही दोघांनी मिळून ते पहिल्या मजल्यावरून खाली आणले. चौदा किलोंच्या वस्तूला दोन माणसे कशाला लागतात? टॅक्सीवाल्याने डिकीत ठेवताना 'यात दगड भरलेत का?' असे विचारले आणि आम्ही तिघेही हसलो. घरी पोहोचल्यावर मला दर मजल्यावर टेकावे लागले आणि मी वयाला दोष देत राहिलो. आयुष्यात प्रथमच मी एखादी वस्तू तिच्या वजनासाठी विकत घेत होतो आणि ती काट्यावर ठेवावी हे मला सुचले नाही! सामान तोलायचा हुकाचा काटा पाचशे रुपयांच्या आत मिळतो. वापरलेला ॲम्प बघायला जाताना तो खिशात असू द्या आणि कंपनीने छापलेले वजन आधी पाहून ठेवा.

पैशांचेही सांगितलेच पाहिजे. यूपीआयने ४०,००० गेले, तोच त्याने मोबाईल दाखवून 'आज आमच्या बँकेची मर्यादा संपली' असे सांगितले. मी खाली जाऊन तीन वेळा कार्ड घालून उरलेले २९,५०० रोख काढून आणले. हे रोख पैसे दिल्याचा आज कुठेही कागद नाही. साध्या वहीच्या पानावर दोन ओळींची पावती आणि ओळखपत्राची प्रत मागायला मला संकोच वाटला, कारण समोरचा माणूस वादक होता आणि वादकाने वादकावर अविश्वास दाखवायचा नसतो असे आमच्यात मानतात.

३० ऑगस्टला कल्याणजवळ एका गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात ड्रम सुरू झाल्यावर मी आवाज वाढवला आणि बेस फाटू लागला. आणखी वाढवल्यावर मोठा व्हायचे सोडून तो चपटा आणि घोगरा होत गेला. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात हेड आपोआप बंद पडले, मिनिटभराने चालू झाले, पुन्हा बंद पडले. साउंडवाल्याने आपल्या डीआय बॉक्समधून (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीतून) माझी वायर थेट मिक्सरला जोडली, पण वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर स्पीकर रिकामा नव्हता, त्यामुळे उरलेली अठरा गाणी मी स्वतःला न ऐकता, ड्रमरच्या पायाकडे बघून वाजवली. मंडळाने बिदागीतून १,५०० रुपये कापले आणि अध्यक्षांनी 'जुनाच आणायचा होता की' असे चारचौघांत सुनावले.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट वजनकाट्यावर ठेवले. साडेचोवीस किलो. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, माझ्या ओळखीचे एक जुने कारागीर आहेत, त्यांनी पाचशे रुपये घेऊन दोन्ही खोकी माझ्यासमोर उघडली. हेडचा सांगाडा, कळा आणि अनुक्रमांकाची पट्टी अस्सल होती, म्हणूनच आयातदाराने क्रमांक खरा सांगितला. आत मात्र बाजारात सुटा मिळणारा टीपीए ३११६ या छोट्या ॲम्प-चिपचा बोर्ड आणि २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय होता. २४ गुणिले ५ म्हणजे १२०. आत १२० वॅट येत असतील तर बाहेर ८०० कुठून येणार, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. कारागिरांच्या म्हणण्यानुसार अशा हेडमध्ये आतला बोर्ड जळला की तो सुट्या भागांनी दुरुस्त करणे अवघड असते, अख्खा बदलावा लागतो आणि तो महाग पडतो, त्यामुळे जळालेली हेडे भंगाराच्या भावात निघतात आणि त्यांचे सांगाडे हाताशी येतात. कॅबिनेटमधले स्पीकर बिननावाचे, जड फेराइट चुंबकाचे होते आणि चुंबकांवर कंपनीच्या पट्ट्या डकवलेल्या होत्या. हॉर्नला वायरच जोडलेली नव्हती.

त्यामुळे अनुक्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. विकणारा झाकणाचे स्क्रू उघडू देत नसेल, तर त्याच पावली परत फिरा. तो खरा असेल तर त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर असतोच. वॅट किती, एवढेच विचारू नका. किती ओहमला, सलग की क्षणिक, हेही विचारा. अस्सल हेडसुद्धा ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटवर छापील आकड्याच्या साधारण निम्मे किंवा थोडे अधिकच देते. आणि मोठ्या आवाजात वाजवता येत नसेल अशा घरी सौदा करू नका. त्याला रिहर्सलच्या खोलीवर बोलवा, तासाचे भाडे आपण भरा.

त्यानंतर मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या अंमलदारांनी ॲम्प म्हणजे काय, बेस म्हणजे काय आणि 'वाजतोय तर फसवणूक कसली' असे विचारण्यात अर्धा तास घालवला. मी हेड जोडून दाखवले, ते खरोखर वाजले, आणि माझा मुद्दा तिथेच संपला. पैसे यूपीआयने गेले म्हणजे प्रकरण सायबरचे, असे सांगून त्यांनी मला सायबर कक्षाकडे पाठवले. सायबर कक्षातल्या साहेबांनी माल प्रत्यक्ष पाहून हातात घेतला म्हणजे प्रकरण सायबरचे नाही, असे सांगून चौकीकडे परत पाठवले. चौकीत मी पुन्हा रांगेत बसलो, तेव्हा दुसरे अंमलदार होते आणि त्यांच्या मते हा दिवाणी वाद होता. फसवणुकीचे कलम, जे पूर्वी ४२० होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे, ते दखलपात्र आहे, असे मी नम्रपणे म्हणालो. 'तुम्ही वकील आहात का?' एवढेच उत्तर मिळाले. चार फेऱ्यांनंतर माझा अर्ज घेतला गेला आणि पोच मागितल्यावर 'शिक्का असलेले साहेब बंदोबस्तात आहेत' असे कळले. गणपती विसर्जनापर्यंत तो शिक्का बंदोबस्तातच राहिला.

बँकेने व्यवहार मी स्वतः पिन टाकून केला असल्याने आपली जबाबदारी नाही असे कळवले, आणि त्यात मला खोट काढता येत नाही. संकेतस्थळाने यांत्रिक उत्तर पाठवले. ग्राहक मार्गदर्शन केंद्रातल्या एका गृहस्थांनी कार्यक्रमासाठी घेतलेला ॲम्प हा व्यावसायिक हेतू, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असे ऐकवले. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, हे मी त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी मुद्दा बदलला आणि विकणारा व्यापारी नाही, खाजगी माणूस आहे, म्हणून तक्रार चालणार नाही असे म्हणाले. तो व्यापारीच आहे, फक्त त्याच्याकडे पाटी नाही, हे सिद्ध करण्याचे काम बहुधा माझेच असावे. जे अशा प्रसंगात सापडतील त्यांनी निदान वेळ दवडू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा आणि संदेश, जाहिरात, छायाचित्रे सगळे जपून ठेवा. मला कळेपर्यंत वीस दिवस गेले होते आणि जाहिरात काढून टाकलेली होती.

हिशेब असा आहे: ॲम्पचे ७४,५००, टॅक्सीचे ६४०, कारागिरांचे ५००, मंडळाने कापलेले १,५००, एकूण ७७,१४० रुपये. फेऱ्यांमध्ये बुडालेल्या दोन तालमी त्यात धरलेल्या नाहीत. ३१ किलोंचा जुना कॉम्बो पुन्हा वापरात आहे आणि तो उचलायला आमच्या ढोलकीवाल्याचा मुलगा येतो, त्याला मी दर खेपेस शंभर रुपये देतो.

मागच्या आठवड्यात तशीच जाहिरात मला पुन्हा दिसली. नाव वेगळे, नंबर वेगळा, मागणी ७९,०००; छायाचित्रात मात्र त्याच खोलीचा कोपरा, भिंतीवर तेच दोन गिटार आणि वजनाच्या रकान्यात १४ किलो. मी ताबडतोब चौकीत फोन केला. पलीकडच्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, या जाहिरातीत अजून कोणी फसलेले नाही, फसले की त्यांना अर्ज घेऊन पाठवा.