बांद्याहून तुयेला जाणाऱ्यांनो, पगाराची स्लिप नीट वाचा

सिंधुदुर्गातल्या बांद्यात घर आणि गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत काम. रोज सकाळी पत्रादेवीची हद्द ओलांडायची, रात्री परत. काम कंपनीत असलं तरी पगार ठेकेदाराकडून. एकूण २०,०००; त्यातून पीएफ १,८००, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) १५० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १७,८५०.

आधी कुडाळच्या एमआयडीसीत होतो तिथेही हे २०० कापायचे, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. पण माझ्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला येणाऱ्या, गोव्यातल्याच पेडण्याच्या पोराच्या स्लिपवर ती ओळच नव्हती. सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला, "तू महाराष्ट्रातलो मरे, तुका लागतलोच." पटलं. फेब्रुवारीत तर महाराष्ट्रात कापतात तसे बरोबर ३०० कापले. माणूस नियमाने चालणारा, असंच वाटलं!

हा कर तुमचं घर कुठे आहे ते बघत नाही, नोकरी कुठे आहे ते बघतो. आणि गोव्यात तो नाहीच.

डोळे उघडले मे महिन्यात, तेही दुसऱ्याच निमित्ताने. धाकटीचा ताप उतरेना. ईएसआय कापतात म्हणजे घरच्यांचं औषधपाणी त्यातच, म्हणून बायको ठेकेदाराने दिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या बाईंनी नंबर दोनदा टाकून बघितला. त्या नंबरावर नोंदच नव्हती. खासगीत ६,००० गेले. त्याच रात्री उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडलं. शेवटची नोंद कुडाळच्या कंपनीची! अकरा महिन्यांचे माझे १९,८०० त्यात कुठेच नाहीत.

पीएफ आणि ईएसआय, दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार केली, सगळ्या स्लिपांचे फोटो जोडले. आमच्यातले दोघे रोखीने पगार घेतात, स्लिप मागतच नाहीत; ते काय दाखवणार? ठेकेदाराने भरणा केला नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीच्या गळ्यात पडते, हे तेव्हा कळलं. मग कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि तिथून चक्रं फिरली.

पीएफचं अजून चालूच आहे. टॅक्सचे पैसे मात्र सुपरवायझरने पाकिटात घालून आणून दिले. "विषय संपय आता," म्हणाला. मोजले तर २,२००. फेब्रुवारीचे वरचे शंभर तेवढे विसरला.