युकुलेलेचे चार आकार आणि माझी पसंती

सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन या युकुलेलेच्या, म्हणजे गिटारसारख्या छोट्या चार-तारी वाद्याच्या, चार प्रचलित आकारांपैकी माझी पहिली पसंती कॉन्सर्टला आहे. त्याच्या तारेची वाजती लांबी साधारण ३८ सेंटिमीटर असल्यामुळे पडद्यांमध्ये बोटांना पुरेशी जागा मिळते, आणि तरीही ज्या खळाळत्या, चटकन विरणाऱ्या नादासाठी आपण हे वाद्य हाती घेतो, तो हरवत नाही. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून होनोलुलूला पोहोचलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी हवाईत घडवलेल्या मूळ वाद्याच्या सर्वांत जवळचा आकार सोप्रानोचा आहे. झपाझप स्ट्रमिंगसाठी, म्हणजे सगळ्या तारा एकत्र छेडण्यासाठी, त्याला तोड नाही. परंतु जेमतेम ३४ सेंटिमीटरच्या त्या लांबीत वरच्या पडद्यांवर मोठ्या हाताची बोटे एकमेकांवर चढतात.

एकल वादन करणाऱ्यांचा ओढा सुमारे ४३ सेंटिमीटरच्या टेनरकडे असतो, आणि त्याचा भरदार, रेंगाळणारा स्वर ऐकल्यावर तो समजण्यासारखाही आहे. अनेक जण त्यावर एरवी उंच ‘जी’ या स्वराला असणारी चौथी तार एक सप्तक खाली, म्हणजे खालच्या ‘जी’वर लावतात. त्यामुळे स्वरांचा पल्ला वाढतो हे मान्य, पण उंच ‘जी’मुळे येणारा नखरा निघून जातो आणि मला नेमका तोच प्रिय आहे.

बॅरिटोन बहुधा गिटारच्या पहिल्या चार तारांप्रमाणे डी-जी-बी-ई असा लावतात. गिटारवादकांना तो सोयीचा वाटेल, मी मात्र त्याऐवजी सरळ गिटारच घेईन.