जुन्या सी-१० चं नवं मीटर पॅनल
टेक्सासला आमच्याकडे १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप आहे, तिचं मीटर पॅनल इथल्याच एका छोट्या वर्कशॉपमधून बनवून घेतलं. ॲल्युमिनियमची प्लेट कापून सहा गोल मीटर बसवलेत, फिनिशिंग एकदम मस्त, कडेवरून बोट फिरवलं तरी कुठे बोचत नाही आणि रात्री काट्यांमागचा तो पिवळसर उजेड बघून खरंच जीव सुखावतो. एकच घोळ झाला, पेट्रोलचं मीटर त्यांनी २४०-३३ ओहमचं (रिकाम्या टाकीला २४०, भरलेल्या टाकीला ३३ ओहम रेझिस्टन्स) लावलं आणि या गाडीच्या टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) ०-९० चा, रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९०, म्हणजे टाकी रिकामी असली तरी काटा फुलवर! सांगितल्यावर लगेच बदलून दिलं, पैसे नाही घेतले. ऑर्डर देतानाच सेंडरचे ओहम नक्की सांगा.