नौपाड्यातलं वाचनालय: साडेतीन तारे, त्यातले अडीच काउंटरवरच्या काकांचे

मी घरोघरी जाऊन रक्त घेतो. पॅथॉलॉजी लॅबचं होम कलेक्शन. पावणेसहाला कोपरीतून स्कूटर निघते आणि नऊच्या आत सात-आठ घरं होतात. जास्त करून साखरवाली मंडळी. फास्टिंगचं सॅम्पल घ्यायचं, खाल्ल्यावर दोन तासांनी पीपीचं. या दोन तासांत माणसं घड्याळाकडे बघत बसतात, म्हणून बारा वर्षांपूर्वी मी बॅगेत एखादं पुस्तक टाकायला लागलो. 'तोवर ही एक गोष्ट वाचा, मी येतोच.' दिवाळी अंकातली एखादी दीर्घकथा पीपीच्या वेळेत बरोबर बसते. तर हा रिव्ह्यू अशा गिऱ्हाइकाचा आहे, जो स्वतःसाठी एक पुस्तक नेतो आणि लोकांसाठी तीन.

वाचनालयाचं नाव मुद्दाम देत नाही. खाली चार कडू गोष्टी लिहिल्यात आणि काकांचं बीपी मला ठाऊक आहे. नौपाड्यात एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर दीड खोली. ठाण्यात १८९३ सालापासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, त्याच्याशी तुलना करायला कुणी जाऊ नये. तो समुद्र, ही विहीर. पण विहिरीवर पाणी काढून द्यायला माणूस उभा असतो.

काकांची पद्धत अशी. नवीन मेंबर आला की 'तुम्हाला काय आवडतं?' असं ते विचारतच नाहीत. विचारतात, 'शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत? कुठल्या पानावर?' मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक भली जाड ऐतिहासिक कादंबरी दोनशे बाराव्या पानावर टाकलेली होती. सांगायची लाज वाटत होती. काका म्हणाले, 'तिथे काय चाललं होतं?' म्हटलं, तिसरी लढाई. 'आणि त्याच्या आधी काय आवडलं होतं?' म्हटलं, गडावरचा तो म्हातारा मशालजी. काका उठले, मागच्या कपाटातून बनगरवाडी काढली आणि रजिस्टरात नोंद करूनच माझ्या हातात दिली. मी हो म्हणायच्या आधी.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढंच सांगतो. मी ती दोन रात्रींत संपवली आणि तेव्हापासून निदान पंधरा घरांत पोचवली. वर्तकनगरला एक आजोबा आहेत, मूळ आटपाडीकडचे. त्यांना नेऊन दिली तर पीपीच्या वेळी दार उघडेनात. शेवटी आतून आवाज आला, 'थांब रे, पान संपू दे!' सॅम्पल वीस मिनिटं उशिरा घेतलं. डबल फी द्या म्हणालो, तर चहा मिळाला.

पण सगळेच नेम लागत नाहीत. विश्राम बेडेकरांची रणांगण माझी फार लाडकी. १९३९ सालची, युरोपातून निघालेल्या बोटीवरची, आणि एवढी छोटी की कुणाला भीती वाटू नये. चरईतल्या एका आजींना मी ती मोठ्या उत्साहाने दिली. तीन महिन्यांच्या साखरेच्या टेस्टला परत गेलो तेव्हा पुस्तक कागदात गुंडाळून टीपॉयवर ठेवलेलं. 'बाबा, तुझं पुस्तक चांगलं आहे, पण मला नको असलं काही देऊस.' मी काकांना सांगितलं, तर काका चष्मा काढून म्हणाले, 'त्यांचे यजमान जाऊन किती दिवस झाले, विचारलंस का?' नव्हतं विचारलं. भिंतीवरच्या फोटोला हार ताजा होता आणि मी शीर शोधत होतो. मग काकांनी शांताबाई शेळक्यांनी अनुवाद केलेली चौघीजणी दिली. आजींनी ती वाचली, मग सुनेने वाचली, आणि आता मला बघितलं की हात पुढे करायच्या आधी 'काय आणलंस?' विचारतात.

त्या चौघीजणीची गंमत राहिलीच. इथल्या प्रतीत मधली आठ-दहा पानं गायब आहेत. आजींनी तक्रार केली म्हणून मी काकांना फोन लावून दिला, आणि काकांनी त्या पानांत काय घडतं ते फोनवर सांगितलं. पंचवीस मिनिटं. पुढे मी दुसरीकडून धड प्रत मिळवून वाचली, तर त्या पानांत एवढं काही नव्हतंच.

आता तक्रारी. पावसाळ्यात खालच्या फळीवरच्या पुस्तकांना कुबट वास येतो, काहींना बुरशी. मुलांचं कपाट फार दुबळं. मानपाड्याला सुईला घाबरणारा एक मुलगा आहे, त्याला दंडाला पट्टा बांधताना मी फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या उचापती सांगतो. त्याला वाचायला म्हणून फास्टर फेणे मागितला, तर जो मिळाला त्याला मलपृष्ठ नव्हतं आणि शेवटही नव्हता. भा. रा. भागवतांचा एक तरी अखंड संच ठेवा हो! घरपोच सेवेचे महिन्याला तीस रुपये जास्त घेतात आणि मुलगा दोनदा चुकीचं पुस्तक देऊन गेला. ती सेवा घेऊच नका, कारण तिच्यात काका येत नाहीत. रविवारी काकांचे चिरंजीव बसतात. 'तिकडे शेल्फवर बघा', एवढंच बोलतात, तेही मोबाइलमधून मान वर न करता.

डिपॉझिट पाचशे, महिना दीडशे, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी. ती मात्र जरूर भरा, अंक भरपूर येतात आणि होळीपर्यंत फिरत राहतात. डिपॉझिटची पावती जपा. माझी हरवली होती, काकांनी रजिस्टर उलटं-सुलटं करून नोंद शोधली, पण दोन फेऱ्या झाल्या. खाली गाडी लावू नका, टोइंगवाले उचलतात.

मला नियमाबाहेर चार पुस्तकं मिळतात, हे काकांना विचारून लिहितोय. त्याबदल्यात त्यांची साखर मी तपासतो. मागच्या वेळी जरा जास्त आली, तर म्हणाले, 'रिपोर्ट अर्धवट टाकता येत नाही ना रे?'

सोमवारी बंद. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, त्यातही सातच्या आत जा, नंतर मालिकेच्या वेळेमुळे काका घाईत असतात. आणि बनगरवाडी मागितलीत तर बाहेर आहे म्हणतील. ती सध्या मानपाड्याला, त्या मुलाच्या आईकडे आहे. शनिवारी आणून देतो.