मुरगावच्या चार जहाजांची सहल : एक अभिप्राय

दुसऱ्या महायुद्धात मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या जर्मन व इटालियन व्यापारी जहाजांची कहाणी सांगणारी ही पायी सहल इतिहासाची ओढ असलेल्यांनी अवश्य करावी. मात्र तिथे ऐकलेले सगळेच प्रमाण मानू नये.

पूर्वार्ध उत्तम आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच हान्सा कंपनीच्या एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या जहाजांनी तटस्थ पोर्तुगीज गोव्याचा आसरा घेतला आणि इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा या जहाजाचीही तीच गत झाली. बाहेर पडावे तर ब्रिटिश आरमार टपलेले, आत राहावे तर परक्यांच्या मर्जीवर आणि हेरांच्या नजरेखाली दिवस काढायचे, अशा कोंडीत ते खलाशी किती काळ होते, हे मार्गदर्शकाने सड्यावरून खालच्या धक्क्यांकडे बोट दाखवत फार समरसून सांगितले. ऑक्टोबर १९४३ मध्ये याच बंदरात अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या नागरिकांची अदलाबदल केली, हा तपशीलही त्याने नेमक्या जागी आणला.

उत्तरार्धात मात्र तोल जातो. ९ मार्च १९४३ च्या उत्तररात्री कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिश राखीव पलटणीतले, बहुतांशी पोक्त वयाचे गृहस्थ फीबी नावाच्या बार्जमधून (सपाट बुडाच्या मालवाहू नौकेतून) येऊन एरेनफेल्सवर चढले. कप्तानासह काही जर्मन मारले गेले आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तो कितपत खरा होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मार्गदर्शक ती गोष्ट सिद्ध झाल्यासारखी सांगतो. हा तटस्थ देशाच्या बंदरावरचा हल्ला होता, म्हणूनच ब्रिटनने आपला सहभाग १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत झाकून ठेवला, ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब तर एका वाक्यात उरकली जाते.

जाहिरातीत 'बंदरदर्शन' म्हटले असले तरी बंदराच्या आवारात प्रवेश मिळत नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे. वाचलेल्या खलाशांना पोर्तुगीजांनी आग्वादच्या तुरुंगात डांबले होते. आता तिथे संग्रहालय आहे, परंतु सहल तिथवर जात नाही. ते आपल्या सवडीने स्वतंत्रपणे पाहावे लागते.