१५ किलोचा कमानवाला नांगर: ब्रिटनी ते हेब्रिडीज, सहा महिन्यांच्या वापरानंतर

कमानवाला म्हणजे खोलगट पात्याचा, मागे पाइपची गोल कमान असलेला नवीन धाटणीचा बोटीचा नांगर. बोट ३२ फुटी, साधारण सहा टनांची. नांगराला ८ मिमीची ५० मीटर साखळी आणि तिच्या पुढे १४ मिमीचा ३० मीटर नायलॉन दोर. वापर एप्रिल ते सप्टेंबर: फ्रान्समधलं उत्तर ब्रिटनी, इंग्लंडची सिली बेटं, आयर्लंडचा नैर्ऋत्य किनारा आणि शेवटी स्कॉटलंडची हेब्रिडीज बेटं. बोटीवरच राहायचं आणि रोजचं मरीनाचं भाडं टाळायचं, तर रात्रीची झोप या एका वस्तूवर अवलंबून असते.

वाळूत आणि घट्ट चिखलात याला तोड नाही. जुना सीक्यूआर, म्हणजे १९३३ सालचा फाळाच्या आकाराचा, पकड घेण्याआधी बरंच अंतर तळ अक्षरशः नांगरत जातो. हा बहुतेक वेळा बोटीच्या लांबीच्या आतच रुततो.

टाकायची पद्धत मात्र सांभाळावी लागते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्यावर धरून बोट पूर्ण थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंतच साखळी सोडायची आणि बोट मागे सरकेल तशी पुढची सोडत जायची. सगळी एकदम सोडली तर नांगरावरच ढीग पडतो आणि साखळी कमानीत अडकते. हवी तेवढी गेली की ती अडवायची आणि इंजिन रिव्हर्समध्ये आधी १००० आरपीएम (मिनिटाला फेरे), ताण आला की हळूहळू २००० पर्यंत, अर्धा मिनिट. त्या वेळी किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा घराची चिमणी आणि तिच्यामागचा खडक, एका रेषेत धरायच्या. रेषा सुटली तर नांगर घसरतोय. साखळीवर तळवा टेकवूनही कळतं: रुतलेल्याची साखळी ताठ आणि शांत लागते, घसरणाऱ्याची खरखर थेट हातात येते.

पण नांगर कितीही चांगला असला तरी भरतीचा हिशेब चुकला की उपयोग नाही. मुंबईच्या उधाणाची सवय असलेल्यालाही ब्रिटनीतल्या सें-मालोचं १२ मीटर चढणारं पाणी पचायला वेळ लागतो. आत्ताची खोली, नाळेची पाण्यापासूनची उंची आणि अजून चढायचं पाणी यांची बेरीज करून तिला चारने गुणायचं. जोराचा वारा येणार असेल तर सहाने. सिलीत ओहोटीला ३ मीटर खोली, नाळ १ मीटर, उधाणाची चढ ५ मीटर: ९ गुणिले ४, म्हणजे ३६ मीटर साखळी. तोच नांगर, तीच खोली, पण उत्तर ब्रिटनीत चढ ११ मीटर: १५ गुणिले ४, म्हणजे ६०. साखळी संपून दोर सुरू झाला. ओहोटीला तेच ६० मीटर तीन मीटर पाण्यात लोळतं आणि बोट एवढा मोठा घेर घेते की शेजारच्या बोटीवर जाऊन आदळेल. शिवाय पाणी सारखं चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा चढतं, म्हणजे इथे तासाला जवळजवळ तीन मीटर. फ्रेंच भरतीच्या तक्त्यात कोएफिसियंट, म्हणजे भरतीच्या जोराचा आकडा, ९५ च्या पुढे दिसला (९५ म्हणजे सरासरी उधाण), की ब्रिटनीच्या त्या भागात नांगराचा हट्ट सोडून उंबरठ्यामागच्या, पाणी अडवलेल्या बंदरात जावं. याउलट हेब्रिडीजमधल्या आयले बेटावरच्या पोर्ट एलेनला चढउतार जेमतेम एक मीटरही नाही. एकदा टाकला की विसरा.

आता दोष. पहिला केल्प, खडकावर वाढणारं चामड्याच्या पट्ट्यासारखं जाड शेवाळ. टोक त्यात गुंततं, पण तळापर्यंत पोचत नाही. १००० आरपीएमला धरल्यासारखं वाटतं, १८०० ला सुटतं. म्हणून पूर्ण रिव्हर्स देणं टाळू नये. वर येतो तो कमानीत भारा घेऊनच, आणि तो कापायला बोटहूकला बांधलेली जुनी दातेरी सुरी लागते. हेब्रिडीजचं पाणी नितळ असतं. उन्हात फिकट दिसणारे वाळूचे ठिपके शोधून नेमका तिथेच टाकावा.

दुसरा दोष जास्त गंभीर. स्कॉटिश लॉखमधला (आत शिरलेल्या खाडीतला) काळा चिकट चिखल कमानीत ठासून बसतो. वारा उलटला आणि नांगर उपटला गेला, तर त्या गोळ्यामुळे तो पुन्हा रुतत नाही. स्काय बेटावरच्या लॉख स्कॅव्हेगसारख्या ठिकाणी डोंगरावरून वाऱ्याचे झोत कोसळतात, दिशा सतत बदलते; तिथे बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारा अलार्म लावूनच झोपावं. अलार्म नांगर टेकला त्याच क्षणी लावायचा, नंतर नाही, म्हणजे वर्तुळाचा मध्य बरोबर येतो.

नांगर आणि साखळीच्या जोडणीत स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, घातलेला नाही. बाजूने ताण आला की तो कमकुवत दुवा ठरतो. साधा शॅकल (पिनने बंद होणारी कडी), पिनला स्टेनलेस तारेचे दोन वेढे. साखळी अडकवल्यावर १२ मिमीचा ८ मीटर नायलॉनचा स्नबर, म्हणजे हिसके शोषणारा दोर, लावलाच पाहिजे, नाहीतर सगळे हिसके विंडलासवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्रावर, येतात आणि केबिनमध्ये रात्रभर खडखड. साखळीचं आतलं टोक बोटीला दोरानेच बांधावं, डेकपर्यंत पोचेल इतक्या लांब. संकटात सुरीने कापून निघता येतं. सहा महिन्यांत टोकावरचा जस्ताचा मुलामा उडून गंज दिसू लागलाय, बाकी पातं ठीक आहे.

विंडलास झेपत असेल तर याच बोटीला २० किलोचा घ्यावा. फक्त घेण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा साचा कापून नाळेच्या रोलरवर धरून बघा. कमान पुढच्या रेलिंगच्या पाइपला अडत असेल तर नांगर शेवटपर्यंत वर बसतच नाही.